धाकट्याचं शेपूट सुटलं

एक होती चिचुंद्री. तिला चार पिल्लं. पहिलं धरी आईचं शेपूट, दुसरं धरी पहिल्याचं. अशी चालायची लांब रांग. तुरुतुरु, तुरुतुरु.

एका पावसाळी संध्याकाळी ती नूरचाचाच्या गॅरेजात शिरली. मागे वळून बघते, तर तीनच पिल्लं. धाकट्याच्या तोंडातून पुढच्याचं शेपूट सुटलं होतं. अंधारातून आवाज येई, "चूं." पण पिल्लू दिसेना.

तिघांना तिने टायरमध्ये बसवलं. तिथेच होती एक जीप. चिचुंद्री गेली जीपच्या दिव्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"दिवेदादा, दिवेदादा, लाग ना. पिल्लू दिसेना."

दिवा म्हणाला, "रिले करंट देईल, तर मी लागेन."

रिले म्हणजे छोटी काळी डबी. बॅटरीचा करंट तीच दिव्याला देते. चिचुंद्री गेली रिलेकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"रिलेदादा, रिलेदादा, करंट दे ना. दिवा लागेना, पिल्लू दिसेना."

रिले म्हणाला, "वायर मला उठवेल, तर मी देईन."

चिचुंद्री गेली वायरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायरताई, वायरताई, रिलेला उठव ना. रिले करंट देईना, दिवा लागेना, पिल्लू दिसेना."

वायर म्हणाली, "मी तुटलेय गं. चाचा मला जोडेल, तर मी उठवीन."

नूरचाचा बसला होता काखेत हात घालून. चिचुंद्री गेली चाचाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाचा, चाचा, वायर जोडा ना. वायर रिलेला उठवेना, रिले करंट देईना, दिवा लागेना, पिल्लू दिसेना."

चाचा म्हणाला, "बोटं गारठलीत माझी. चाची चहा देईल, तर मी जोडीन."

चिचुंद्री गेली चाचीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"चाची, चाची, चहा द्या ना. चाचा वायर जोडेना, वायर रिलेला उठवेना, रिले करंट देईना, दिवा लागेना, पिल्लू दिसेना."

चाची म्हणाली, "आधण उकळतंय, पण दूध नाही. शेळी दूध देईल, तर मी चहा देईन."

शेळी मागच्या दारी उभी होती. मान खाली घालून. चिचुंद्री गेली शेळीकडे. तुरु... तुरु...

"शेळीताई, शेळीताई, दूध दे ना. चाची चहा देईना, चाचा वायर जोडेना, वायर रिलेला उठवेना, रिले करंट देईना, दिवा लागेना, पिल्लू दिसेना."

शेळीने बाजूच्या रिकाम्या दाव्याकडे बघितलं. मग हळू म्हणाली, "माझं करडू काल बाजारात नेलं. ते आता यायचं नाही. मी दूध कुणाला देऊ?"

चिचुंद्री तिच्याजवळ बसून राहिली. आता कुणाकडे जायचं?

गॅरेजातून आवाज आला, "चूं."

शेळीने कान टवकारले.

"तुझं अजून हाक मारतंय गं," ती म्हणाली. "बोलाव चाचीला."

शेळीने दूध दिलं. चुर्र, चुर्र.

चाचीने चहा दिला. सुर्र, सुर्र.

चाचाने वायर जोडली आणि बटण दाबलं.

वायरने रिलेला उठवलं.

रिलेने करंट दिला. टिक.

दिवा लागला. लख्ख.

पान्यांच्या डब्यामागे पिल्लू दिसलं. थरथर, थरथर. चिचुंद्रीने त्याला चाटलं. खूप चाटलं.

मग रांग निघाली मागच्या दारातून. शेळी बघत राहिली. एक. दोन. तीन. चार.

"सगळी आहेत," ती म्हणाली.

आणि पुन्हा मान खाली घालून उभी राहिली.