हरिणीच्या पोथीची गाठ

गोष्ट अर्धी ठेवून सांगणाराच गेला, तर ती पुरी कोणी करायची? गोष्टी सांगणाऱ्या एका घरातल्या धाकट्या भावाने हे गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला विचारलं.

ही फार फार वर्षांपूर्वीची हकीकत आहे. मुलांनो, ऐका, आणि मोठ्यांनीही ऐका. जंगलाच्या कडेला एका गावात चित्रं दाखवून गोष्टी सांगणारं एक घर होतं. थोरला भाऊ पोथीतलं एकेक चित्र उचलून गोष्ट सांगे. धाकटा शेजारी बसून डमरूसारखा हुडुक वाजवी. बाजाराच्या दिवशी शाळेतली मुलं देवळाच्या ओट्यावर ऐकायला जमत. त्या घराचा एक नेम होता. गोष्ट संपल्याशिवाय पोथीला गाठ मारायची नाही.

त्या दिवशी हरिणीची गोष्ट रंगली होती. मागे वणवा, पुढे कडा, मध्ये हरिणी. उरलेलं पुढच्या बाजारी, असं म्हणून थोरला थांबला. तीन दिवसांच्या तापात तो गेला.

पोथी उघडीच राहिली. धाकट्याला ती बघवेना. बसवेना, जेववेना. जीर्ण झालेली चित्रं नदीत सोडायची त्या घरात रीत होती. एका सकाळी त्याने ही चांगली चित्रंही नदीत सोडली. कागद वाहू लागले तसा तो मागे पाण्यात धावला. हाती काहीच लागलं नाही.

बाजाराच्या दिवशी मुलं ओट्यावर येऊन बसली. धाकटा त्यांच्यापुढे येरझारा घालत राहिला. चित्रं नाहीत, घरी जा, असं त्याने दोनदा सांगितलं. एकही मूल उठलं नाही.

"तू आधी बस की," पुढ्यातली एक मुलगी म्हणाली. "तुझ्याकडे बघून मान दुखली माझी. हरिणीचं काय झालं?"

"चित्रं मी बुडवली."

"मला ठाऊक आहेत. तिचा डावा कान फाटका होता."

तिने कोळशाने ओट्यावर तो कान काढला. दुसऱ्याने कडा काढला. कोणी गेरू आणला, आणि वणव्याच्या रंगावरून दोघं भांडली.

धाकट्याने हुडुक उचलला. वाजवता वाजवता थोरल्याचे शब्द त्याच्या तोंडी येऊ लागले. हरिणीने उडी मारली. ती पडली तिथे झरा फुटला, आणि वणवा विझला.

"आणि हरिणी?"

"मेली," तो म्हणाला. इतक्या दिवसांत हा शब्द त्याने उच्चारला नव्हता. मुलांसमोरच त्याला रडू फुटलं. मग त्यांनी पुढचं विचारलं, आणि त्याने शेवटपर्यंत सांगितलं.

त्या हिवाळ्यात मुलांनी सगळी चित्रं पुन्हा कागदावर काढली. एका चित्रात हरिणीला पाच पाय होते. धाकट्याने तो पाचवा पाय पुसला नाही. थोरल्याच्या उपरण्यात पोथी बांधून त्याने ती शाळेत ठेवली. गाठ मात्र सैल मारली, लहान बोटांना सुटेल इतकी.

म्हणून सांगतो, अर्धी राहिलेली गोष्ट ज्यांनी ऐकली, त्यांनीच ती पुरी करायची.