बिननावाची पाखरं

एका राज्यात पाखरं माणसांसारखी बोलायची, आणि त्यांचं बोलणं ऐकून आयाबाया पदराने डोळे पुसायच्या. का म्हणून विचारता? अहो, ती पाखरं नव्हतीच, बिननावाची लेकरं होती! कुणा जुन्या राजाला घराण्यांच्या अब्रूची भारी काळजी. त्याने कंकाळ मांत्रिकाकडून शाप मागून घेतला. बारशाच्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आत्याने कानात नाव सांगितलं नाही, तर बाळाचं पाखरू होईल, आणि खऱ्या आत्याकडून नाव मिळेपर्यंत ते पाखरूच राहील. खोटी आत्या आली, तर तिची जीभ दगड होईल. आता बिनलग्नाच्या आईच्या बाळाला आत्या कुठली? बापच तोंड लपवतो, तिथे त्याची बहीण कशी येणार?

राजबागेतली माळीण लाखाई हिला लग्नावाचून मुलगा झाला. बारशाला तिला दरबारात उभं केलं. शापाची राखण करत दरबारात अजून बसलेला कंकाळ म्हणाला, "तीन गोष्टी आण. पाळणा, कुंची आणि आत्या."

सुताराने दार लावून घेतलं, तर सुगरण पाखरांनी गवताचा पाळणा विणून दिला. शिंप्याने तोंड फिरवलं, तर पारव्यांनी आपली पिसं उपटून कुंची केली. तिसरी गोष्ट मात्र पाखरांना आणता येईना.

"बापाचं नाव सांग," कंकाळ म्हणाला.

"मी सांगून खरं कोण मानणार? त्यानेच सांगावं."

राजा भानुसेन खाली बघत राहिला. बघेल नाहीतर काय करेल मेला!

ऊन भिंतीवरून सरकलं. बाळाच्या बोटांना पिसं फुटू लागली. लाखाईने हंबरडा फोडला.

तोच राजाची थोरली बहीण सगुणावती उठली.

"अक्का, बसा! जीभ दगड होईल," राजा ओरडला.

"खोटं असलं तर होईल. भानू, तू रोज शिकारीला जायचास आणि रिकाम्या हाताने यायचास. अंगाला वास मोगऱ्याचा."

तिने पाहिलं काहीच नव्हतं, फक्त ओळखलं होतं. तरी ती पाळण्यावर वाकली.

"कुर्रर्र! तुझं नाव अभिराम."

सगळ्यांनी श्वास रोखला. जीभ शाबूत राहिली! बाळाची पिसं गळून पडली आणि ते टाहो फोडून रडलं.

मग सेनापतीची बहीण उठली, तिने एका राघूला हातावर घेऊन कानात नाव सांगितलं आणि राघूचं लेकरू झालं. प्रधानाची उठली. भाऊ माना खाली घालत होते, बहिणी पुढे येत होत्या, आणि दरबार लेकरांनी भरत होता. कंकाळाची काठी तडकली. तो राज्य सोडून चालता झाला.

राजा सिंहासनावरून उतरला, लाखाईपुढे हात जोडून म्हणाला, "मला क्षमा कर."

"माझी नंतर मागा, महाराज," लाखाई म्हणाली. "आधी त्याची मागा. नावाने हाक मारून मागा."