ठकूबाईची ताकद आणि लहाणूची शेळी

बोरखडी गावात लहाणू नावाचा एक भोळा गडी राहत होता. ‘भोळा’ हा त्याच्या आईचा शब्द. गावाकडे दुसरा शब्द होता. लहाणू सांगितलेलं अक्षर न अक्षर पाळी. फक्त ज्या कामासाठी ते सांगितलेलं असे, ते काम सोडून दुसऱ्याच कामाला लावी.

त्याची आई ठकूबाई टायफॉइडमधून उठली, पण खाटेवर उठून बसण्यापलीकडे उठेना. इकडे पाहुणे पंधरा दिवसांवर येऊन ठेपले होते. मुलीकडचे लोक घर बघायला येणार होते. लहाणूचं हे सातवं स्थळ. आधीच्या सहा ठिकाणी लहाणू स्वतः बोलला होता.

“या खेपेला मी बोलणार,” ठकूबाई म्हणाली. “मला तेवढी पायावर उभी कर. तू तोंड उघडायचं नाहीस. विचारलंच कुणी, तर विचारलं तेवढंच सांगायचं, अन् खरं सांगायचं.”

लहाणूने मान हलवली. मान हलवण्यात तो तरबेज होता.

तो आरोग्य केंद्रात गेला. तिथे भिंतीवर शेळीच्या दुधाचे गुण सांगणारा तक्ता होता. त्यावरची शेळी समोर बाकावर बसलेल्या सगळ्या माणसांपेक्षा धडधाकट होती.

“घरी शेळी आहे ना? मग दूध घरातच आहे की,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “शेळीचं दूध पचायला हलकं. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. ते दे आणि या गोळ्या दे. पण एक लक्षात ठेव, न उकळता द्यायचं नाही.”

लहाणूने दूध उकळलं. मग गोळ्या उकळल्या. पंधरा दिवसांच्या गोळ्यांची पळीभर गुलाबी कढी झाली. ठकूबाईने एक घोट घेतला आणि तो लहाणूच्या सदऱ्यावर परत केला.

“अरे, गोळ्या उकळतात का?” डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला आणि नव्या गोळ्या दिल्या. “आणि नुसत्या दुधावर ठेवू नकोस तिला. वरण-भात, मेथी, एखादं अंडं देत जा. शेळीलाही नीट खायला घाल. ती जे खाते तेच दुधात उतरतं.”

लहाणूने वाटभर विचार केला. सगळं दुधात उतरतच असेल, तर दोघींना वेगवेगळं कशाला वाढायचं? घरी येऊन त्याने शेळीपुढे ताट मांडलं. वरण-भात, मेथीची भाजी, वर दोन गोळ्या. शेळीने ताट चाटूनपुसून साफ केलं. अंडं मात्र हुंगून सोडलं. शेळी माळकरी निघाली.

“लहाण्या, माझा भात कुठाय रे?” आतून आवाज आला.

“निघालाय, आई. शेळीच्या पोटापर्यंत आलाय. सांजच्याला पोचेल.”

संध्याकाळी कपभर दूध पोचलं. त्याला वास येत होता. शेजारच्या गोदामावशीने कप हुंगला आणि गोठ्यात डोकावून पाहिलं.

“बोकड शेळीच्या कुशीला बांधलास, मग वास येणार नाही तर काय? दूध लगेच वास धरतं. ज्याला वास येतो ते दुधापासून लांब न्यावं.”

लहाणूने बोकड लांब बांधला. दुसऱ्या दिवशी गोदामावशीने ठकूबाईचे पाय निलगिरीच्या तेलाने चोळून दिले. घरभर वास सुटला. चुलीवर दूध होतं. लहाणूने आईची खाट उचलली आणि उकिरड्यापलीकडे नेऊन ठेवली.

“लहाण्या, मेले नाही रे मी अजून,” ठकूबाई म्हणाली.

“नाही आई, तुला नुसता वास येतोय.”

मावशी धावत आली. “अरे, आजाऱ्याला असं उघड्यावर टाकतात का? आत न्यावं, उबेत निजवावं, गोधडी पांघरावी, कानाला फडकं बांधावं.”

लहाणूने आईला आत आणलं. बारा दिवसांनी शेळी शिंकली. लहाणूने तिला आत नेलं, आईच्या खाटेवर निजवलं, गोधडी पांघरली, कानाला फडकं बांधलं. खाट एकच होती, म्हणून आईला खाली चटई दिली.

ठकूबाईने कोपरावर उठून हे पाहिलं. रागावायलाही ताकद लागते, तेवढी तिच्याकडे नव्हती. पंधरवडाभर तिचा वरण-भात शेळीच्या पोटात जात होता.

“मावशे,” तिने हाक मारली, “सांग ग याला काहीतरी.”

“खुळ्या,” मावशी म्हणाली, “असं कोंडून अंगात ताकद येते का? सकाळच्या कोवळ्या उन्हात खुंटीला बांधावं, तोंडासमोर बाभळीचा पाला टांगावा. दोन दिवसांत चालायला लागेल बघ.”

मावशी बोलली शेळीबद्दल. पण ताकद हवी होती आईला, आणि उद्या पाहुणे यायचे होते. लहाणूला प्रथमच सगळं स्वच्छ दिसलं.

सकाळी त्याने झोपलेल्या आईला चटईसकट उचललं आणि अंगणात उन्हात ठेवलं. पायात दावं अडकवून खुंटीला बांधलं, फार घट्ट नाही. शेवटी आई होती. वर बाभळीची फांदी टांगली. ऊन चांगलं होतं. ठकूबाई घोरत राहिली.

तोच पाहुणे आले. मुलीचे वडील तुळाजी आणि मुलीचा मामा. अंगणात फांदीखाली काहीतरी गोणपाटासारखं पडलेलं त्यांनी पाहिलं आणि ते थेट आत गेले. खाटेवर गोधडीतलं माणूस बघून दोघांनी हात जोडले.

“राम राम, विहीणबाई. तब्येत कशी आहे?”

विहीणबाई शिंकल्या. फडकं सरकलं. आतून एक शिंग बाहेर आलं.

तुळाजी दोन पावलं मागे सरले. मग हळू विचारलं, “ही कोण?”

“शेळी.”

“मग आई कुठं आहेत?”

विचारलं तेवढंच सांगायचं होतं, आणि खरं सांगायचं होतं.

“बाहेर बांधलीय.”

“बांधलीय? कशाला?”

“अंगात ताकद यावी म्हणून. पाला घातलाय, पण तोंड लावत नाही.”

मामाने चप्पल शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात बाहेर खुंटी उपटल्याचा आवाज झाला. दारात ठकूबाई उभी होती. स्वतःच्या पायावर, ताठ, केसांत पाला, एका हातात बाभळीची फांदी, पायात दावं. तिने फांदी उगारली आणि लहाणू मागच्या दाराने सुटला. पुढे लहाणू, मागे ठकूबाई, तिच्या मागे फरफटत खुंटी. त्यांनी घराला तीन फेरे घातले.

पाहुणे फाटकापर्यंत पोचले होते. लहाणू पळता पळता त्यांच्यापाशी क्षणभर थांबला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

“बघितलंत, मामा? एका सकाळीत चालायला लागली. आणखी चार दिवस बांधतो,” तो म्हणाला, “म्हणजे दूधही द्यायला लागेल.”