कोंडाबाईचे हात

“...मग सांगा ना माई, ज्या हातांनी नाळ कापली, त्याच हातांना उंबरा बंद कसा?”

शेवंतामाई नदीकाठच्या मठात राहणाऱ्या वृद्ध साध्वी. वैजयंती त्यांची शिष्या. कॉलेज संपवून सहा महिन्यांपूर्वी आलेली, आणि एवढ्यात गाव बदललं नाही म्हणून चिडलेली.

दोघी पाटलांच्या घरी बारशाला आल्या होत्या. अंगणात, गोठ्याच्या भिंतीशी कोंडाबाई बसली होती. बारा दिवसांपूर्वी दवाखान्याची गाडी पोचली नाही, तेव्हा याच सुइणीने बाळ-बाळंतीण वाचवली. पण ती दलित वस्तीतली. तिचं ताट बाहेरच येणार होतं.

“मी आत जाऊन बोलते सगळ्यांसमोर.”

“काय बोलशील?”

“समता. संविधान. थोडी लाज.”

“गेल्या महिन्यात बोललीस की. ऐकलं कुणी?”

वैजयंती फणकारली. “म्हणून तुमच्यासारखं नुसतं बसून राहू?”

“आत बाळाची आई आहे,” माई म्हणाल्या.

“मग?”

माई आत गेल्या. वैजयंती मागोमाग.

पाळणा सजला होता. बाळाची आई, प्रयाग, मुलीला घेऊन पाळण्याच्या एका बाजूला उभी होती. शेजारी सासू, गिरजाबाई. ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याखालून द्यायचं, वरून परत घ्यायचं, अशी रीत.

प्रयागने दाराकडे पाहून हाक मारली, “कोंडामावशी, आत या. पहिल्यांदा तुम्हीच घेतलं होतं तिला. आजही तुम्हीच घ्या.”

गिरजाबाईंनी हात पदरात ओढून घेतले.

कोंडाबाई उंबऱ्याशी येऊन थबकली. प्रयाग खाली वाकली, लेक पाळण्याखालून पुढे धरून तशीच राहिली.

“घ्या ना. ओली बाळंतीण आहे मी, किती वेळ वाकू?”

कोंडाबाई धावलीच. बाळ तिच्या हातात गेलं.

“गोविंद घ्या,” प्रयाग म्हणाली, आणि बाजूला सरकून सासूकडे वळली. “आत्याबाई, आता तुमची पाळी.”

कोंडाबाईने बाळ पाळण्यावरून गिरजाबाईंपुढे धरलं. गिरजाबाईंचे हात पदरातच होते. बायका खाली पाहू लागल्या. वैजयंतीने बोलायला तोंड उघडलं. माईंनी तिचं मनगट घट्ट दाबलं.

बाळाची मान किंचित कलली...

“अगं, मान सावर तिची!” गिरजाबाई ओरडल्या, आणि दोन्ही हातांनी नात ओढून छातीशी घेतली.

“चाळीस वर्षं मानाच सावरतेय, पाटलीणबाई,” कोंडाबाई म्हणाली. “तुमच्या लेकाची पण मीच सावरली.”

“म्हणूनच ताठ झालीय मेल्याची!”

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसल्या. गिरजाबाईंनी पायानेच पाट पुढे सरकवला. “बस आता. उभी किती राहशील?”

वैजयंतीचे डोळे भरून आले होते.

परतीच्या वाटेवर तिचे पाय जमिनीवर नव्हते.

“माई, एका आईने करून दाखवलं! आता मी गावोगाव जाणार. आयांना हेच शिकवणार.”

“शिकव की... तुझी सुईण कोण होती?”

“माझी?” वैजयंती थांबली. “...आईला माहीत असेल. वेशीबाहेर राहायची कुणीतरी.”

“आहे अजून?”

“...कधी विचारलंच नाही.”

माई चालत राहिल्या.

“आधी तिच्या घरी जेवून ये.”