उरलेला मासा

चीनमधल्या चेंगदू शहरात वेनशिन नावाची पस्तिशीची प्राध्यापिका होती. लग्न केलं नाही म्हणून लोक तिला ‘उरलेली’ म्हणत, जणू ती कालचा शिळा भात! नववर्षाच्या जेवणाला मामा आईवर गुरगुरला, “माझ्या विधुर मित्राला आत्ताच होकार दे. उरलेलीला दुसरं कोण विचारतंय?”

आई रडकुंडीला आली. वेनशिनने माशाचा शेवटचा तुकडा मामाला वाढायला उचलला.

“अगं, थांब!” मामा ओरडला. “आजचा मासा मुद्दाम उरवायचा असतो. उरला तरच घरात बरकत!”

“असं होय! मासा उरला तर बरकत, मग मामा, मुलगी उरली तर बट्टा कसा?”

आईने डोळे पुसून ठणकावलं, “दादा, मित्राला नकार कळव. माझ्या घरची बरकत मी कुणाला देत नाही.”