गालखडकाला शेंदूर चालत नाही

हा समोरचा काळा कातळ पाहा. आपल्याकडे दगड जरा उभा दिसला की त्याला शेंदूर फासायला वेळ लागत नाही, पण याच्यावर एक टिकली सापडायची नाही. फूल नाही, बुक्का नाही, तेलाचा ओघळ नाही. याला गालखडक म्हणतात. हात खुशाल लावा, पाया मात्र पडू नका. इथं ते चालत नाही. त्याचं कारण किळसवाणं आहे, तेव्हा ज्यांनी आत्ताच डबा खाल्लाय त्यांनी जरा सावलीत बसून ऐकावं.

फार पूर्वीची गोष्ट सांगतात. खालच्या नदीच्या वाळूत भोई लोक उन्हाळाभर कलिंगडाच्या वाड्या लावायचे आणि बायकापोरांसकट तिथंच खोपी घालून राहायचे. फळ गोड यायचं, पण नदी दगाबाज. इथं आभाळ कोरडं ठणठणीत असताना वर घाटात पाऊस कोसळतो आणि बघता बघता पाण्याचा लोंढा खाली येतो. म्हणून वेळेत वाळू सोडायला हवी, आणि ती वेळ हा खडक सांगायचा.

कशी, ते बघा. सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. थंडीत तो तिकडे डावीकडे बुडतो, आणि उन्हाळा चढेल तसा डोंगरांच्या रांगेवरून रोज थोडा थोडा उजवीकडे सरकतो. जुनी माणसं म्हणायची, तो नदी पीत पीत चाललेला असतो. त्या जोडडोंगराच्या खिंडीत पोचला की त्याचं पोट तुडुंब भरतं, आणि मग प्यायलेलं सगळं तो घाटावर ओकतो. हसू नका. सूर्य खिंडीत बुडाला की वाळू सोडायची, एवढ्यावर त्यांच्या कित्येक पिढ्या तगल्या. आता खिंडी तशा ढीगभर दिसतात, म्हणून कुणा पूर्वजाने खडकात ही खाच कोरली. गाल दगडाला टेकवून खाचेतून पाहिलं की एकच खिंड दिसते, नेमकी हवी ती.

पाहण्याचं काम खेमा भोयाकडे होतं. मोठा टापटिपीचा माणूस. शेजारी कुणी मचमच करत जेवलं तरी हा आपलं ताट उचलून दुसरीकडे जायचा. बायको वारलेली, एकुलती एक लेक वेणू. ती नवऱ्याबरोबर, तान्हं मूल घेऊन, वाळूतच राहायची. एका वर्षी खेमाने सगळ्यांना वाळूवरून उठवलं आणि दुसऱ्याच दिवशी लोंढा आला. एक कोंबडीसुद्धा वाहून गेली नाही म्हणे.

इथं घाण सुरू झाली. लोकांनी खडकाला तेल वाहिलं. मग शेंदूर आला, दही आलं, गूळ आला. कुणी नवस फेडायला कोंबडं कापलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाच गच्च भरली. तेल खवट झालं, रक्त काळं पडलं, त्यावर माशा घोंघावायला लागल्या आणि आत अळ्या वळवळायला लागल्या. खेमाला लांबूनच ओकारी यायची. "अरे, डोळा लावायची जागा आहे ती," तो कळवळून सांगायचा. लोक हात जोडायचे आणि आणखी थोडं तेल ओतायचे.

त्या वर्षी वेळ जवळ आली तरी खेमाचा गाल काही त्या रबड्याला लागेना. नाकाला उपरणं लावून तो चार पावलं मागे उभा राहायचा आणि अंदाजाने म्हणायचा, अजून अवकाश आहे. अंदाज चुकतोय हे त्याला आतून कळत होतं, पण किळस त्याहून मोठी होती.

एका संध्याकाळी घाटाकडून गार वारा सुटला. खेमाने नाकावरचं उपरणं फेकलं. खाली वाळूत नातवंड निजलं होतं. तो वाकला आणि नखांनी खाच उकरायला लागला. बोटं पुरेनात तेव्हा तोंड घातलं, दातांनी ओढलं. ते सगळं त्याच्या केसांत गेलं, कानांत गेलं, जिभेवर गेलं. तिथंच भडाभडा ओकला, तेही हाताने सारलं, आणि गाल टेकवला. खाचेतून खिंड दिसली, रिकामी. त्याने मान वर केली. सूर्य खिंड ओलांडून उजव्या अंगाला बुडत होता. वाळू सोडायची वेळ केव्हाच उलटली होती.

तो तसाच धावत खाली गेला. डोक्यापासून बेंबीपर्यंत लाल, अंगाला रक्तादह्याचे गोळे चिकटलेले. "उठा, वाळू सोडा," म्हणून घसा फोडत होता. आणि लोकांनी काय करावं? लोटांगण घातलं. खेमाच्या अंगात आलं म्हणाले. कुणी कापूर पेटवला, कुणी त्याच्या बरबटलेल्या पायांवर पाणी ओतलं आणि तेच तीर्थ म्हणून प्यायलं. एकाने विचारलं, "देवा, माझी म्हैस गाभण राहील का?" खेमा जितका ओरडे तितके ते टाळ्या पिटत, आणि त्याचे पाय कुणी सोडेना.

वेणू गर्दीत घुसली. बापाच्या तोंडावरचा थर तिने पदराने खरवडून पुसला, तेव्हा खाली त्याचे डोळे दिसले. तो रडत होता.

"आबा, काय झालं?"

"पाणी येतंय. मूल उचल."

तिने मूल उचललं, नवऱ्याचं मनगट धरलं आणि दरड चढली. काठावरून मागे वळून पाहिलं, तर लोकांनी खेमाला खांद्यावर घेतलं होतं आणि वाळूत मिरवत होते. लोंढा आला तो त्या मिरवणुकीवरच, असं सांगतात.

एवढं होऊन गावात उरलेल्यांनी ठरवलं काय, तर खेमाचं देऊळ बांधायचं. पहिला माणूस तेलाचा बुधला घेऊन वर आला, तेव्हा वेणू राखेने खडक घासत बसली होती. "माझ्या बापाला देव केलंत आणि बुडवलंत," ती म्हणाली. "आता याला तेलाचं बोट लावाल, तर हाच बुधला तुमच्या टाळक्यात फोडीन."

आजही इथं खेमाचं देऊळ नाही. पाऊस लागण्याआधी भोयांच्या बायका वर येतात, खडक राखेने घासतात, खाच काडीने कोरून साफ करतात. मग पाहणारा पुढे येतो, पण आधी त्याची लेक पदराने त्याचं तोंड पुसते. तोंड स्वच्छच असतं. तरी ती पुसते, आपला बापच आहे ना ते निरखून बघते, आणि मगच त्याला वाकू देते.