भ्यायला हिवाळा पडलाय

"आणि आज लसूण लावला अन् थंडी उशिरा पडली तर?" इदरीसने विचारलं.

काश्मीरच्या डोंगरातल्या आपल्या तकियासमोर, फकिरांच्या मठीसमोर, म्हातारे फकीर अहदबाबा उन्हाला पाठ देऊन बसले होते. पुढ्यात वाफे तयार होते. शेजारी बियाण्याच्या गड्ड्यांची टोपली.

इदरीस त्यांचा शिष्य. मोठा पाठांतरवाला, आपलं कधी चुकत नाही असं मानणारा. गेल्या वर्षी बाबांनी लसणाची लावण त्याच्यावर सोपवली आणि त्याने घाई केली. बर्फ पडायच्या आधीच कोंब वाढले, पहिल्या कडाक्यात काळे पडले. वर्षभर तकियातल्या पंगतीला लसूण मिळाला नाही. त्याला कुणी बोललं नाही. तेच त्याच्या मनाला लागून राहिलं होतं.

"मग थांब," बाबा म्हणाले.

"थांबलो आणि जमीन गोठली तर? खालच्या वस्तीतल्या गफूरचाचांनी एकदा उशीर केला. मुळं धरायच्या आत गोठून फुगलेल्या मातीनं पाकळ्या वर फेकल्या."

"मग लाव."

"बाबा, थट्टा नको..."

रोज सकाळी तो मातीत बोट खुपसून बघायचा. उद्या बघू, म्हणायचा. डोंगरमाथे आता पांढरे झाले होते.

बाबांना खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. इदरीसच्या ओठांवर काहीतरी आलं. त्याने ते गिळलं.

"तेही विचार," बाबा म्हणाले.

"काय?"

"आत्ता गिळलंस ते."

"लसूण काढायच्या वेळी तुम्ही... असाल ना?"

"ठाऊक नाही."

बाबांनी टोपली ओढली. एक गड्डा उचलला, मुठीत दाबून फोडला. मग दुसरा.

"बाबा! फोडलेल्या पाकळ्या टिकत नाहीत! मग लावाव्याच लागतील..."

बाबा फोडत राहिले. पांढरी सालं वाऱ्यावर उडाली. टोपलीत एकही गड्डा सबंध उरला नाही.

इदरीस वाफ्याशी गुडघ्यांवर बसला. पाकळी उचलली, ती बोटांतून निसटली. पुन्हा उचलली.

"बाबा, मला फार भीती वाटतेय."

बाबांनी त्याची मूठ धरून मातीत दाबली.

"आधी लाव. भ्यायला अख्खा हिवाळा पडलाय."